इंग्रजांचा थ

साकोलीच्या बसस्टँडवर भंडाऱ्याच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या देवकाबाईंच्या कानी शेजारच्या सासूसुनेचे बोलणे पडले.

“शेवंता, आज मास्तरणीच्या नोकरीची मुलाखत आहे. थँक्यू म्हणून दाखव.”

“थँक्यू.”

“हा त आपला थ झाला. क्लासच्या सरांनं शिकवलेला इंग्रजांचा थ कुठं गेला?”

“त्याले दातांमंदून जीभ बाहेर काढा लागते, मामीजी.”

“मंग काढ नं!”

“तुमच्यासमोर जीभ दाखवू?”

“बरं, मी पाठ फिरवतो. ओ बाई, तुमीबी फिरवा!”

देवकाबाई निमूटपणे वळल्या. मागून इंग्रजांचा थ स्वच्छ उमटला.

“आता कशी बोलली! असंच म्हणजो तिथं.”

“पण तिथले साहेब म्हातारे असले त?”

“त्याईलेबी सांगजो, पाठ फिरवा म्हणा!”