खुर्चीवरचा रुमाल

...आणि वर लोक म्हणतात, काका, तुम्हाला काय काम असतं? अहो, खुर्च्या धरणं हे काम नाही? तुम्हाला सांगतो, दिवाळीतला पाडवा, उजाडलंही नव्हतं, डोक्यावरचं तेल कानामागे ओघळतंय, अंगात रेशमी झब्बा, सारसबागेत पहाटेच्या गाण्यांचा कार्यक्रम, तळ्याच्या काठाला पणत्या लागतायत, आणि मी एकटा आख्ख्या सोसायटीच्या खुर्च्यांवर आडवा! कुणी आलं की ओरडायचं, ‘इथं माणूस आहे!’ एक बाई म्हणाल्या, ‘दिसत नाही तो.’ म्हटलं, ‘आंघोळ करतोय!’

पण माझा जीव अडकला होता पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीत. ती माझी. कारण आमची मंदाकिनी! जन्मभर भजनी मंडळात मागच्या ओळीत उभी राहिली, आणि यंदा भूपाळीच्या दोन ओळी एकटीनं! निघताना म्हणाली, ‘अहो, तुम्ही समोर दिसलात की माझा आवाज कापत नाही. हलू नका हं तिथून.’ म्हटलं, हलतोय कशाला?

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या सलिलचा फोन. ‘काका, जाम गर्दी आहे, एंट्री सापडत नाहीये, गेटपाशी या ना प्लीज!’ आता शेजारधर्म... जावं लागतं की नाही? सोसायटीच्या खुर्च्यांवर शाली पसरल्या, माझ्या खुर्चीवर रुमाल टाकला, त्या बाईंना पुन्हा बजावलं, ‘इथं माणूस आहे!’ आणि गेलो. गेटबाहेर शोधतोय, शोधतोय... परत फोन. ‘काका, दुसऱ्या गेटनं आलो, बसलोपण! तुम्ही कुठे?’ कुठे! वळून बघतो तर गेट बंद. स्वयंसेवक म्हणतो, ‘आत जागा नाही.’

‘अरे, माझी आहे! रुमाल टाकलाय!’

‘रुमाल आत आहे ना? मग तो ऐकेल.’

आणि कर्ण्यावरून मंदाकिनीचा आवाज आला हो. पहिली ओळ छान गेली. दुसरी सुरू केली... आणि मधेच थांबली. मला कळलं, ती मला शोधतेय. गेटचे गज धरून ओरडलो, ‘अगं, इथं माणूस आहे!’ कोण ऐकतंय? बाकीच्यांनी ओळ उचलून नेली.

सलिल नंतर सांगतो, एवढ्या गर्दीत ती खुर्ची शेवटपर्यंत मोकळी! पुण्यात माणसाला उठवतील, रुमालाला कोण हात लावतोय?

संध्याकाळी घरी पाडव्याचं ओवाळणं. पाट मांडलेला, रांगोळी काढलेली, निरांजन लावलेलं. बसायला गेलो, तर पाटावर माझाच रुमाल. मंदाकिनी शांतपणे म्हणाली, ‘इथं माणूस आहे. गेटवर गेलाय.’

आणि ओवाळलं की रुमालाला! ओवाळणी मात्र मीच घातली... रुमालाला कुठला आलाय खिसा?