नाकाची नोकरी

लिहिताय ना? मग आधी वेळ लिहा — मंगळवार, सकाळचे साडेदहा, माझ्या घराची पुढची खोली, कंपनीचे साहेब कागद घेऊन आले. लिहा की! तुमच्या कागदावर तारखेची जागा कोरी आहे, म्हणून म्हणतो. कोरी जागा ठेवून सही घ्यायची ही कुठली पद्धत? नाही, पेन राहू दे तिथेच. आणि हात हलतोय तो तुम्हाला घाबरून नाही हं — हा बघा, उचलला की थांबतो, मांडीवर मोकळा सोडला की सुरू. या कंपवाताची खूणच ती.

आणि कागद काय म्हणतो? ‘वयोमानानुसार आलेला आजार.’ वय! माझं बासष्ट, चला, धरून चालू. धाकट्या भावाचं सत्तेचाळीस — त्याला शर्टाची बटणं बायको लावून देते. त्याचंही वय झालं का?... घराण्यात असेल म्हणता? म्हणजे आमचं रक्तच खोटं! मग तो पॅकिंगचा जाड्या, तो कुठे आमच्या घराण्यातला? कारखान्यात धुण्याच्या टाकीशेजारी एका टेबलाला पाच जण बसायचो, तिघांचे हात हलतात. डॉक्टरीणबाईंना मी तोंडावर विचारलं — टाकीमुळेच का हो? त्या म्हणाल्या, एकट्या माणसाचं कारण बोट ठेवून सांगता येत नाही. वय असतं, रक्तातलं असतं, टाकीतल्यासारखी द्रावणंही असतात. सरळ बाई. ‘माहीत नाही’ म्हणायला लाजली नाही. तुमचा कागद मात्र सगळं जाणतो.

त्यांनी चित्र काढून दाखवलं मला. मेंदूच्या तळाशी एक काळसर पट्टा असतो, तिथल्या पेशी एक रसायन करतात, त्याच्या जोरावर हात-पाय आपल्या म्हणण्यात राहतात. प्रत्येक पेशीत तिची स्वतःची भट्टी — आणि द्रावणानं ती भट्टीच विझत जाते असा संशय आहे. मग एका प्रथिनाची घडी चुकते, त्याच्या गुठळ्या होतात, एक पेशी बिघडली की शेजारणीलाही बिघडवते. आणि हात हलायला लागेपर्यंत निम्म्या पेशी गेलेल्या असतात, साहेब! चोरानं घर धुऊन नेलं, आणि आपल्याला आत्ता कुठे कडी वाजलेली ऐकू येते. मग बाईंनी हळूच विचारलं, ‘वास केव्हापासून येत नाही तुम्हाला?’ — कारण पुष्कळांचं नाक आधी जातं. वर्षानुवर्षं आधी.

मी विषय बदलला. का बदलला? आता तुम्हाला काय सांगायचं — तेलकट बेअरिंगं धुवायची ती टाकी, गोडसर वासाची. पंखा लागला तर लागला. हवा मोजायचं यंत्र मागितलं, तुम्ही दिलं नाहीत. मग मोजमाप काय? माझं नाक! रोज सकाळी मी टाकीवर वाकायचो. वास उग्र असला की सगळे बाहेर, दारं सताड उघडी, अर्धा तास. नसला की म्हणायचो, ‘बसा.’ नाकवाले म्हणायचे मला, मान होता. आणि एक दिवस आमची ही ओरडत आली — दूध करपून घर धुरानं भरलंय, आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचताय! मी म्हटलं, सर्दी आहे. अकरा वर्षं सर्दी असते का कोणाला?... काय? कंपनीला तेव्हा कळवलं का? हे बघा, मला शब्दात पकडू नका! नाक गेलं म्हटलं असतं तर नाकवाला कोण उरतो? वाकायचो, हुंगायचो, म्हणायचो — बसा. धाकट्याला मीच आणला होता कामावर, मीच बसवला टाकीच्या कडेला. तो म्हणायचा, ‘दादा, आज डोकं जड झालंय रे, वास जास्त आहे का?’ आणि मी म्हणायचो, ‘मला तर काही येत नाही. तुझंच डोकं नाजूक.’

हे लिहू नका. लिहिलंत? खोडा ते — नको, थांबा, खोडू नका. राहू दे. त्याला अजून सांगितलेलं नाही मी. आज सांगेन.

पण आता कळलं तुम्ही आधी माझ्याकडे का आलात. उद्या त्याच्या घरी जाल, माझी सही दाखवाल — दादानं केली, तूही कर. आणि तो करेल हो! मी ‘बस’ म्हटलं की तो आजही बसतो. म्हणून नाही करणार. उचला कागद. चहा राहू दे, दार तिकडे आहे.

आणि माझं लिहिलंत ना, मग हेही लिहा. धाकट्यानं शुक्रवारी कंपनीकडे भरपाईचा अर्ज दिला. रविवारी सुट्टीच्या दिवशी टाकी ट्रकवर चढली. सोमवारी फरशीवर नुसता चौकोनी डाग होता. भंगारात दिली म्हणता ना? त्या भंगारवाल्याकडे मी स्वतः जाऊन आलोय. त्याच्याकडे ती आलेली नाही.