पंधरा वर्षांची फुसाए तोकुनागा

नाही नाही, मंगळवारच होता तो... की बुधवार? थांबा हं. सोमवारी न्हाव्यांची दुकानं बंद, म्हणजे सोमवार नव्हता एवढं पक्कं. त्यापुढचं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, आणि अडतीस वर्षं विद्यापीठात नीतिशास्त्र शिकवलेल्या माणसानं न आठवणाऱ्या गोष्टी ठोकून द्याव्यात का, हाही प्रश्नच आहे... असू दे, मंगळवार धरा. तर तुम्हाला सांगतो, त्या मंगळवारी इनागाकी न्हाव्यानं माझा घात केला! सरळ सरळ घात! मी आपला मात्सुएतल्या त्याच्या तळ्याकाठच्या दुकानात नंबर लावून बसलोय, वर्तमानपत्र दुसऱ्या गिऱ्हाइकानं बळकावलेलं, आणि हा गृहस्थ कात्रीतून मान वर न काढता म्हणतो, "सर, ते मासिक बघा की. पोरीचं आहे. ती गेली ओसाकाला नोकरीला, मासिक मात्र इथंच येतंय."

मी बघितलं. मुखपृष्ठावर चार शाळकरी मुली. डोळे म्हणजे काय, बशा! म्हटलं, "इनागाकी, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे." तर म्हणतो, "मग काय झालं? त्यात मारामारी नाही, दगदग नाही. तुमच्याच वयाला बरं."

उघडलं. मँगा, म्हणजे चित्रकथा. आपल्या वर्तमानपत्रात असतात तशा, वरून खाली चार चौकटी, एकीखाली एक, की संपली गोष्ट. मालिकेचं नाव, 'आज ढगाळ'. एका शाळेत एक हवामान मंडळ, मंडळात चारच मुली, शाळा सुटली की गच्चीवर जाऊन ढग मोजायचे आणि वहीत लिहायचे. आता मला वाटलं, वादळ येईल. निदान एखादी नापास होईल, कुणाची आई आजारी पडेल, काहीतरी! पानं उलटतोय, उलटतोय... एकीनं वही घरी विसरली. दुसरीनं तिला चिडवलं. तिसरीला शिंक आली. चौथी हसली. संपला अंक! घडतं काय? काही नाही!

मी चिडलो. अहो, चिडणारच! माणसानं जन्मभर शोकांतिका वाचल्या, संघर्षाशिवाय कथा नाही असं पोरांना घोकून घोकून सांगितलं, आणि इथं शिंकेवर अख्खं पान? इनागाकीला म्हटलं, "ह्यात घडतं काय? काही नाही!" तो म्हणाला, "मान खाली घ्या, सर."

पण झालं काय, की दोन दिवसांनी मी जेवताना मध्येच विचारलं, "तिला वही सापडली असेल का गं?" फुसाए, म्हणजे आमची ही, म्हणाली, "कुणाला?" मी म्हटलं, "कुणाला नाही." आणि नवव्या दिवशी मी परत इनागाकीच्या खुर्चीत! तो आरशातून माझ्या डोक्याकडं बघतोय, मी आरशातून मासिकाकडं बघतोय. म्हणाला, "सर, कापू काय? मागचेच अजून उगवले नाहीत." सगळ्या दुकानासमोर! म्हटलं, "मानेवरचे बघा जरा." म्हणाला, "मानेवर सुरकुत्या आहेत, त्या कापू?"

मग काय करता? गेलो पुस्तकांच्या दुकानात. मालिकेचा पहिला खंड दोन जाडजूड प्रबंधांच्या मध्ये दडपून गल्ल्यावर ठेवला. प्रबंध नको होते मला! लाजेसाठी घेतले! ती गल्ल्यावरची मुलगी नेहमीसारखी विचारते, "कागदी कव्हर घालू का?" बसमध्ये शेजारच्याला आपण काय वाचतो ते कळू नये म्हणून घालतात ना, तसलं. मी म्हटलं, "घाला." आणि हळूच म्हटलं, "दोन घाला."

आणि त्या खंडात, तुम्हाला सांगतो, पान एकतीसवर... माझा चहा गार झाला. चौघींमध्ये कोउमे म्हणून एक बडबडी आहे, ती वाफाळता मांसाचा पाव आणते. एक पाव, चौघी. हातानं चार तुकडे करते, आणि शिझुरू म्हणून जी अबोल मुलगी आहे, तिचा तुकडा खाली पडतो. दुसरी चौकट. कुणी काही बोलत नाही. तिसरी चौकट. तिघी आपापल्या तुकड्यातला इवलासा भाग मोडून शिझुरूच्या तळहातावर ठेवतात, एकमेकींकडं न बघता, जसं काही त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. चौथी चौकट. चौघी ढगाकडं बघत चावतायत. बस्स! अहो, मी न्याय्य वाटप ह्या विषयावर अडतीस वर्षं बोललोय! दरवर्षी अकरा व्याख्यानं! फळ्यावर आकृत्या काढल्यात! आणि कुणी बाई तिकडं तोक्योत बसून चार चौकटींत... शब्द नाही, टीप नाही, संदर्भसूची नाही! मी चष्मा काढला, पुसला, परत बघितलं. घडतं काय? काही नाही. पण ते 'काही नाही' केवढं मोठं होतं हो!

आणि मग मला गुरुवार ऐकू यायला लागला.

म्हणजे असं, की आमच्या हिच्या तीन मैत्रिणी आहेत, तोमिए, हारुयो आणि सुमाको. मुलींच्या शाळेपासूनच्या. दर गुरुवारी आमच्या घरी बैठक. मी पलीकडच्या खोलीत लिहीत बसायचो, मध्ये कागदी सरकतं दार, आणि पलीकडून चार चार तास खुसखुस, मध्येच मोठ्ठा हशा, मग एकदम शांत, मग परत खुसखुस. चाळीस वर्षं! दर गुरुवारी मी विचारायचो, "काय बोलत होता गं एवढं?" आणि ही कपबशा आवरत म्हणायची, "काही नाही." मला वाटायचं, लपवतेय. माझ्याबद्दलच बोलत असणार! आता मी लेखणी खाली ठेवून दाराला कान लावला, तर खरोखरच काही नाही हो! हारुयो सांगतेय की मुळ्याचं लोणचं खारट झालं, सुमाको विचारतेय कितपत खारट, तोमिए म्हणतेय, "आपल्या त्या ड्रिलच्या मास्तरांच्या चेहऱ्याइतकं?" आणि चौघी कोसळल्या! त्या मास्तरांना जाऊन तीस वर्षं झाली असतील! आणि मी दाराअलीकडं उभा... मला मित्र कोण? सहकारी होते. एकमेकांच्या लेखांवर टिपणं लिहिली आम्ही. मुळ्याच्या लोणच्याबद्दल मी कुणाशी कधी बोललो? आठवून बघितलं. कुणाशीही नाही.

आता ऐका, खरं संकट पुढंच आहे. वसंतात लक्षात आलं, की 'आज ढगाळ' मासिकात मागं मागं सरकतेय. आधी विसाव्या पानावर होती, मग नव्वदाव्या, मग जाहिरातींच्या शेजारी! इनागाकीला विचारलं, कारण विचारणार दुसऱ्या कुणाला? तो गंभीर झाला. म्हणाला, "सर, गेली ती. आमची पोरगी सांगायची, वाचकांची कार्डं येतात ना, त्यांवर ठरतं सगळं. मागं सरकली की दोन-तीन अंकांत खलास." मी म्हटलं, "अरे पण त्यांची शाळा अजून दोन वर्षं आहे!" म्हणाला, "मासिकाला त्याचं काय?"

तुम्ही हसताय. हसा. पण मला रात्री जेवण गेलं नाही. त्या गच्चीवरून चौघींना अध्येमध्ये, ढग अर्धे मोजलेले असताना, हाकलून देणार?

अंकाच्या शेवटी ते कार्ड असतं, फाडून पोस्टात टाकायचं. आवडलेल्या तीन मालिका लिहा, मत लिहा, नाव, वय, मुलगा की मुलगी. मी लेखणी उचलली आणि 'वय'पाशी हात थांबला. चौऱ्याहत्तर? मुलींच्या मासिकाला? ते म्हणतील, कुणीतरी चेष्टा केलीय, टाका टोपलीत! एक मत फुकट! आणि तुम्हाला सांगतो, ज्या हातानं मी 'असत्य कथनाचे समर्थन होऊ शकते काय?' हा तीनशे पानांचा ग्रंथ लिहिला, उत्तर 'नाही' असं आहे त्यात, त्याच हातानं मी लिहिलं... वय पंधरा. मुलगी. नाव? माझं नाव सेइइचिरो, ते कुठल्या मुलीचं असेल? लिहिलं, फुसाए तोकुनागा.

मग मजकूर. सुरुवात रीतसर, ऋतूनं. 'कोवळ्या पालवीचे दिवस सुरू झाले आहेत, संपादक मंडळातील सर्वांची प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे.' मग लिहिलं, 'मला अजून मैत्रीण मिळालेली नाही. ह्या चौघींजवळ बसलं, की मैत्री कशी असते ते निदान दिसतं. त्यांची शाळा संपेपर्यंत तरी कृपया बंद करू नये.' नाव खोटं, वय खोटं, बाकी अक्षरन् अक्षर खरं. आणि शेवटी पत्ता. छापील पत्त्यात मासिकानं विनयानं स्वतःच्या नावाला मान लावलेला नसतो, तो आपण लावायचा असतो. तिथला नावापुढचा साधा शब्द दोन सरळ रेघांनी खोडला, शेजारी आदराचा लिहिला. एवढं खोटं बोललो म्हणून काय शिष्टाचार सोडायचा?

टाकलं पोस्टात. आणि विसरलो. विसरलो कसला, रोज टपालपेटी बघत होतो.

महिन्या-सव्वा महिन्यानं, गुरुवारी, हो, गुरुवारच, हे मात्र नक्की, पोस्टमन आला. दारापर्यंत मी पोचायच्या आत फुसाएनं पाकीट घेतलं, कारण नाव तिचं! मी खोलीत. पलीकडं कागद फाटल्याचा आवाज. कार्ड पाठवणाऱ्यांतून सोडत काढून बक्षीस देतात, ते बारीक अक्षरात लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं! तोमिएचा आवाज, "अगं, चित्र आहे! चार मुलींचं! सही केलेलं!" मग सुमाको चित्राखालची, चित्रकार बाईंनी लाडानं 'चान' लावून लिहिलेली चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लागली, "'फुसाएचान, तुझं कार्ड वाचून मी रडले. पंधराव्या वर्षी मैत्रीण नसणं फार जड जातं. मिळेल तुला. मिळेपर्यंत ह्या चौघी आहेतच. नीट जेवत जा.'"

मग हारुयो हळूच, "फुसाए... आम्ही काय कमी केलं गं तुला?" आणि जो हशा उठला, दाराचा कागद थरथरला हो! मी टेबलाखाली जाण्याचा विचार केला, पण गुडघे वाकेनात.

दार सरकलं. ही उभी. हातात माझं पाप. "अहो, मला पंधरा वर्षांची केलीत त्याबद्दल आभार. पण मला मैत्रीण नाही?"

मी म्हटलं, "ते... ते तुझ्याबद्दल नव्हतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं असं बघितल्याचं मला आठवत नाही, अर्थात माझ्या आठवणीचं काय घेऊन बसलात. मग वळून म्हणाली, "तोमिए, सरक गं जरा."

तोमिए सरकली. म्हणाली, "या भावजी, चाळीस वर्षं दाराला कान लावून लावून कान दुखले असतील. आणि ते पुस्तक आणा. कुठं लपवलंय? दोन कव्हरांचं?" तिला कसं कळलं? सगळ्यांना ठाऊक होतं! इनागाकीची बायको हारुयोची भाची, आणि इनागाकीला मी सगळं सांगून बसलेलो! मी खंड आणला. चौघी डोक्याला डोकं लावून वाचायला लागल्या, पान एकतीसवर पोचल्या, आणि कुणी काही बोललं नाही. मग सुमाकोनं बशीतला शेवटचा बीनचा लाडू घेतला, पाच तुकडे केले, माझ्यापुढं एक ठेवला, आणि लोणच्याचं बोलणं पुढं सुरू झालं. मी चार तास बसलो. चार तास! घडलं काय? काही नाही! आणि तुम्हाला सांगतो, माझ्या आयुष्यात इतकं कधी काही घडलंच नव्हतं.

मालिका बचावली. हळूहळू पुढं सरकली, आणखी दोन वर्षं चालली, चौघींची शाळा संपली, शेवटच्या चौकटीत ढग नव्हताच. मला उगाच वाटत राहिलं, आपल्या कार्डानं वाचवली. पाप केलं, पण सत्कारणी लागलं.

मग ते कार्ड टाकल्यापासून सहा वर्षांनी आमच्या गावच्या ग्रंथालयात त्या मासिकाच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं, तिथं जुन्या संपादकबाई आल्या होत्या. मी लांबून लांबून विषय काढला, त्या मालिकेला म्हणे एकदा बंद करणार होते... बाई हसल्याच. म्हणाल्या, "ठरलंच होतं, सर! आणि मग एकाच महिन्यात तेवीस कार्डं आली. तेवीसच्या तेवीस, वय पंधरा, मुलगी. आणि सगळ्यांची सुरुवात कोवळ्या पालवीनं! सगळ्यांनी पत्त्यातला शब्द दोन रेघांनी खोडून आम्हाला मान दिलेला! हल्लीच्या कुठल्या पंधरा वर्षांच्या मुलीला हे येतं? आम्ही ओळखलं. सगळे निवृत्त आजोबा." मी म्हटलं, "अरेरे! मग?" म्हणाल्या, "मग काय? इतके लोक खोटं बोलायला तयार आहेत म्हटल्यावर बंद कशी करणार? चालू ठेवली. आणि पुढच्या अंकापासून अक्षरं मोठी केली."

मी घरी आलो, जुने-नवे अंक काढले, पट्टी लावली. बाईंचं खरं होतं. दीड मिलिमीटर! आणि त्याच वसंतात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं... सहा वर्षं मी दर नववर्षाच्या शुभेच्छापत्रात त्या डॉक्टरांना लिहितोय, की तुमच्या हाताला यश आहे, एकदम स्वच्छ दिसायला लागलं! आता यंदा काय लिहू? लिहीन आपलं तेच. चांगला माणूस आहे, इतक्या वर्षांनी त्याला कशाला दुखवा.