फितीचं गाव

सन्माननीय अध्यक्ष डॉ. शशी टिपणीस, आजच्या सत्कारमूर्ती डॉ. सुप्रभाताई मोघे, त्यांना न्यायला नेदरलँड्सहून आलेली त्यांची लेक वरदा, व्यासपीठावरचे मान्यवर आणि भाषणं लांबली तर बटाटेवडे गार होतील या काळजीत बसलेल्या माझ्या वॉटफर्डकर बंधुभगिनींनो,

सुप्रभाताईंना निरोप द्यायला मी आज तिसऱ्यांदा उभा आहे. हसू नका. पहिल्या निरोपाला याच हॉलमध्ये श्रीखंड होतं, दुसऱ्याला गुलाबजाम. दोन्ही वेळा ताई डोळे पुसत गेल्या आणि ल्यूटन विमानतळावरून परत आल्या. तिकडे त्यांची नात ईरा तीन वर्षांची झाली, आणि आजीला ती अजून फोनच्या स्क्रीनवरच ओळखते. ताई परत का आल्या, ते मी सांगणार आहे. पण त्या चालल्यात कुठे, ते आधी बघू.

गावाचं नाव सेर्टोखनबॉस. पुन्हा म्हणायला लावू नका, माझी कवळी नवी आहे. आपल्या नव्या सेक्रेटरी ईशिताचा निमंत्रण लिहिताना मला फोन आला. जन्म इथलाच, इंग्लंडातला, पण पोरगी हट्टानं मराठी बोलते. "काका, हा गाव एक आहे की तीन? मॅपवर वेगळा, वरदाताई बोलते वेगळा, फ्रेंच वेबसाइटवर तर टोटली डिफरंट!" मी म्हटलं, "बाळ, तू नुसतं हॉलंड लिही." पण मग मलाच चैन पडेना. मी निवृत्त भूलतज्ज्ञ. लोकांना झोपवण्यात आयुष्य गेलं, आजही प्रयत्न चालू आहे. मी लागलो शोधाला.

तर या नावाचा अर्थ ड्यूकचं वन. आठशे वर्षांपूर्वी एका ड्यूकच्या रानात ते वसलं. आपल्याकडे असतं तर आपण 'सरदारवन' म्हणून मोकळे झालो असतो. तिथल्या लोकांनाही एवढं लांब नाव झेपत नाही, ते रोजच्या बोलण्यात 'डेन बॉस' म्हणतात, म्हणजे नुसतं रान. पण शेजाऱ्यांची गंमत बघा. पुण्याचं इंग्रजांनी फार तर पूना केलं, भाषांतर नाही केलं. या गावाच्या नावाचं मात्र ज्यानं त्यानं आपापल्या भाषेत भाषांतर करून टाकलं. जर्मन म्हणाले हेर्त्सोगेनबुश, इटालियन म्हणाले बोस्कोदुकाले, फ्रेंच म्हणाले ब्वा-ल-द्यूक. स्पॅनिश लोकांनी फ्रेंचांचं नाव उचललं, चुरगाळलं आणि बोल्दुके करून टाकलं. बिचाऱ्या पोस्टमननं काय करावं?

तुम्ही म्हणाल, मोहनराव, याचा आमच्या ताईंशी काय संबंध? सांगतो. आपल्या मंडळात सत्काराची भेटवस्तू बांधण्याचं काम अठ्ठावीस वर्षं ताईंकडे आहे. त्यांचा कायदा सगळ्यांना पाठ आहे. फितीला कात्री लावायची नाही. गाठ सोडायची, फीत ताईंना परत करायची, ताई तिला इस्त्री करून बिस्किटांच्या डब्यात ठेवणार. माझ्या साठीला जी फीत होती तीच मंडळातल्या अर्णवच्या मुंजीला होती, आणि तीच आज अध्यक्षांच्या पुष्पगुच्छावर आहे. शशी, सांभाळून सोड, बाई बघताहेत.

तर, या सरदारवनात पूर्वी फिती विणत. त्या इतक्या खपल्या की फितीलाच गावाचं नाव पडलं. फ्रान्समध्ये आजही भेटवस्तूच्या फितीला बोलद्युक म्हणतात. स्पेनच्या कचेऱ्यांत कागदांचे गठ्ठे बांधायची तांबडी फीत, म्हणजे आपली लालफीत हो, तिला म्हणतात बाल्दुके. म्हणजे ज्या गावाला ताई परकं म्हणतात, त्याचं नाव त्या अठ्ठावीस वर्षं बोटांभोवती गुंडाळत होत्या!

आता कबुलीजबाब. माझी बायको आशा गेली त्या वर्षापासून दर गुरुवारी ताईंनी मला फितींना इस्त्री करायला बोलावलं. मला इस्त्री येत नाही. त्यांनाही ते ठाऊक आहे. चहा व्हायचा, भांडण व्हायचं, आणि घरी जाऊन मला झोप लागायची. मग ठरलं, ताई वरदाकडे जाणार. पहिल्या खेपेला त्या विमानतळावर पोहोचल्या आणि मी फोन केला, "ताई, बक्षिसांच्या कपाटाची किल्ली हरवली, उद्या कार्यक्रम आहे!" किल्ली माझ्या कोटाच्या खिशात होती. दुसऱ्या खेपेला म्हटलं, "फितींचा डबा कुणीतरी रीसायकलिंगमध्ये टाकला!" डबा माझ्या मांडीवर होता. वरदा, तुला वाटलं आईचं मन होत नाही. बेटा, मन माझं होत नव्हतं. मला फार एकटं वाटलं असतं. चूक माझी आहे, आणि तुझी दोन वर्षं मी खाल्ली.

काय म्हणालात ताई? जरा माइकमध्ये बोला.

ऐकलंत सगळ्यांनी? "मोहनराव, मला दोन्ही वेळा कळलं होतं." म्हणजे आम्ही दोघेही गुन्हेगार! ताई, मग तर आज तुम्ही जायलाच हवं. ईराला आमच्या भांडणाशी काय देणंघेणं?

ईशिता, इकडे ये. ही कपाटाची किल्ली, सर्वांसमक्ष तुझ्या हातात. आता ती माझ्याकडून हरवणं शक्य नाही. आणि ताई, ही तुमची भेट. फीत मी स्वतः इस्त्री केली आहे, म्हणून एका टोकाला जळली आहे. गाठ सोडा, कात्री नको. मात्र या वेळी फीत मंडळाला परत द्यायची नाही. ती तिच्या गावी चालली आहे, आणि तिला पोहोचवायला घरचं माणूस हवं.

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली, मी किती घेतली ते त्यांनी दिलदारपणे पाहिलं नाही, त्यांचे आभार. वडे तळणाऱ्यांचे आणि ते गार होऊ देणाऱ्या तुम्हा सर्वांचेही आभार. उच्चारात डच माणसाचा, इतिहासात ड्यूकचा किंवा बोलण्याच्या भरात कुणाचा अवमान झाला असेल, तर म्हातारा समजून पोटात घाला. किल्लीची माफी मात्र मी वरदाकडे वेगळी मागणार आहे.

आणि हो, शशी, हा माझा फोन. उद्या ताईंचं विमान उडेपर्यंत तुझ्याच खिशात ठेव. मी मागितला तरी देऊ नकोस.