पुलावरचा सरदार

बाबा : ...आणि पुढे असं लिही, की पहिले तीन तास हा गेम माणसाला खेळू देत नाही, नुसता मारतो. लिहिलंस?

लेक : लिहितेय. जरा हळू सांगा ना. आमच्या ग्रुपवर सगळे पंचविशीच्या आतले आहेत, बाबा. छप्पन्न वर्षांच्या बस ड्रायव्हरचं मत पहिल्यांदाच येणार आहे.

बाबा : मग नीट येऊ दे. लिही, की गावाबाहेर पडलं की धुकं, धुक्यात चिखल आणि चिखलात हाडं. नकाशा नाही. धड बोलणारा एक माणूस नाही. विहिरीपाशी ती म्हातारी बसलीय, ती म्हणते पुढे जाऊ नकोस. आणि पुढे गेल्याशिवाय तर गेमच नाही! ज्यानं कोणी हा बनवलाय ना, त्याच्या घरी काहीतरी वाईट घडलेलं असणार.

लेक : हे मी जसंच्या तसं टाकते. लढाईबद्दल काय सांगाल?

बाबा : लढाई खरी आहे. तीन वार केले की दम संपतो. दम संपला की उभं राहून मार खायचा. सिनेमातल्यासारखं दहा जणांना लोळवलं आणि भांग विसकटला नाही, असलं काही नाही. पाठीवरचं ओझं जास्त झालं तर माणूस गुडघ्यात वाकून चालतो. ते मला आवडलं.

लेक : आणि मेलं की?

बाबा : मेलं की जिथे मेलो तिथे थडगं उगवतं. पुन्हा गेलो की आपलंच थडगं ओलांडून जायचं. पुलाच्या अलीकडे माझी त्रेसष्ट आहेत. मोजलीत मी. पाय ठेवायला जागा नाही.

लेक : पुलावरच्या सरदाराबद्दल सांगा ना. सगळे तिथेच अडकलेत. आमच्यातल्या दोघांनी तर गेम उडवूनच टाकला.

बाबा : पळपुटे लेकाचे. अगं, तो सरदार म्हणजे डावा इंडिकेटर देऊन उजवीकडे वळणारा माणूस आहे. तीस वर्षं असलेच बघतोय मी. तलवार उचलतो आणि थांबतो. त्या थांबण्यातच सगळी गंमत आहे. आपण घाबरून आधीच बाजूला उडी मारतो, आणि मग तो सावकाश मारतो. त्याला घाई नाही. आपल्यालाच घाई.

लेक : मग तुम्ही कसा मारलात?

बाबा : वाट बघितली. गुरुवारपर्यंत नाकी नऊ आणले होते त्यानं. शुक्रवारी काय झालं देव जाणे, हात एकदम मोकळा झाला. तो वार करतोय, मला दिसतोय, आणि बोट बरोबर पडतंय. दुसऱ्याच फटक्यात लोळवला. तू दुकानात होतीस. आई म्हणाली, एवढ्या जोरानं ओरडायला काय झालं! मी तिला म्हटलं, पूल ओलांडला.

लेक : दुसऱ्याच फटक्यात...

बाबा : काय गं? लिही की.

लेक : लिहिते.

बाबा : आणि शेवटी लिही, की हा गेम कुणावर दया करत नाही. हे तुझंच वाक्य आहे हं. पहिल्या दिवशी मी चिडलो होतो, तेव्हा तू म्हणाली होतीस, 'बाबा, इथे वशिला चालत नाही. मेलात तर चूक तुमची, जिंकलात तर जीत तुमची.' ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं. काल डेपोत जाताना तेच घोळत होतं.

लेक : काल तर तुमची सुट्टी होती. डेपोत कशाला गेला होतात?

बाबा : मॅनेजर साहेबांना भेटायला. शाळेची बस घेतली मी. उद्यापासून.

लेक : शाळेची? तुम्ही तर त्यांना नाही म्हणून सांगितलं होतंत. 'पोरांची किलबिल झेपत नाही' म्हणाला होतात.

बाबा : म्हणालो होतो. तेव्हा सरदार जिवंत होता.

लेक : म्हणजे?

बाबा : अगं, काही नाही. गंमत.

लेक : बाबा, गंमत नाही ही. सरदाराचा आणि शाळेच्या बसचा काय संबंध?

बाबा : आता मिटलंय म्हणून सांगतो. आईपाशी बोलू नकोस. दोन-तीन महिने हा उजवा हात जरा आळशी झाला होता. अंगठा आपला आपण हलायचा. मला वाटलं, असेल काहीतरी. मग नसांच्या डॉक्टरांकडे मंगळवारचा नंबर लावला. गुपचूप. आणि इकडे मनाशी ठरवलं, की तोवर आपणच बघू. डॉक्टरांपुढे काय, बोट नाकाला लावा म्हणतील, मी लावून दाखवीन. चालून दाखवा म्हणतील, चालीन. दोन मिनिटं कुणीही नीट वागतो. पण त्या सरदारापुढे सोंग चालत नाही. तो वार करतो आणि तेवढ्या वेळात बोट पडलं तर पडलं. म्हटलं, हा मेला तर माझा हात ठीक आहे. नाही मेला, तर डेपोत जाऊन सांगायचं.

लेक : आणि मंगळवारचा नंबर?

बाबा : रद्द केला काल. कशाला उगाच? अगं, अशी काय बघतेस?

लेक : बाबा, तुम्ही त्याला मारला नाहीत.

बाबा : म्हणजे काय? पूल ओलांडून पलीकडच्या गावात आहे मी. उघडून बघ.

लेक : गुरुवारी रात्री तुम्ही रिमोट आपटून उठलात. जेवला नाहीत. मी बसले होते इथेच. मग मी सेटिंगमध्ये गेले आणि एक गोष्ट बदलली. त्यात शत्रूचा वार सावकाश येतो. बटण दाबायला दुप्पट वेळ मिळतो. पडद्यावर तसं कुठे लिहून येत नाही, सांगितल्याशिवाय कळतही नाही. मी सांगितलं नाही.

बाबा : दुप्पट?

लेक : दुपटीहून थोडा जास्तच.

बाबा : का केलंस?

लेक : तुमचा चेहरा बघवत नव्हता. वाटलं, एकदा जिंकू देत. खूश होतील. जेवतील.

बाबा : कीव आली तुला माझी.

लेक : हो. आली. काय करू, आली.

बाबा : अगं, मी तुझ्या शब्दावर गेलो! दया नाही म्हणालीस. वशिला नाही म्हणालीस. आणि माझ्या पाठीमागे तूच वशिला लावलास!

लेक : मला काय माहीत तुम्ही हाताची परीक्षा घेताय! मला वाटलं, खेळताय. माणसं खेळतात, बाबा. विरंगुळा म्हणून खेळतात.

बाबा : तो मोड ठेवलेला असतो कशासाठी? तुमच्यासारखी तरणी पोरं वापरतात?

लेक : नाही.

बाबा : मग कोण वापरतं?

लेक : ज्यांना... ज्यांच्या हाताला त्रास असतो, त्यांच्यासाठी ठेवलाय. तिथे तसं लिहिलेलंच आहे.

बाबा : म्हणजे तुला दिसलं होतं.

लेक : अंगठा थरथरताना दिसला होता. वयानं असेल, असं म्हटलं मनाशी. बटणं न काढता तुम्ही युनिफॉर्मचा शर्ट डोक्यातून घालता, तेही दिसलं होतं. आई म्हणाली, आळस. मी पण हसले. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते मी, बाबा. कुणी तक्ता वाचताना अडखळला तर मी त्याला अक्षर सुचवत नाही. कितीही गयावया केली तरी नाही. चुकीच्या नंबराचा चष्मा घालून तो रस्त्यावर जाईल, म्हणून. आणि घरात तुम्हाला सुचवून बसले. माझी चूक आहे. मला माफ करा.

बाबा : रडू नकोस. मी रागावलोय तुझ्यावर, आणि तू रडलीस की मला रागावता येत नाही.

लेक : रागवा ना. पण उद्या गाडी चालवू नका.

बाबा : एका गेमवरून? उद्या सकाळी साडेसहाला पहिला स्टॉप आहे. बेचाळीस पोरं आहेत. काल यादी दिली साहेबांनी, पाठ केलीय मी. कोण कुठे चढतं, कोणाला न्यायला आजी येते, सगळं. तिसऱ्या स्टॉपवरच्या मुलीला उलटी होते, तिला पुढच्या सीटवर बसवायचं. आता ऐनवेळी नाही म्हणू?

लेक : बाबा, रस्त्यावर कधी काही झालं का? खरं सांगा.

बाबा : काही झालं नाही.

लेक : बाबा.

बाबा : झालं नाही, पण होणार होतं. गेल्या महिन्यात. बाजाराच्या स्टॉपवर एक बाई बाबागाडी घेऊन फुटपाथवरून खाली उतरली, बसच्या पुढ्यात. मला ती दिसली. लांबून दिसली, अगदी स्पष्ट. डोकं म्हणालं, ब्रेक. आणि पाय... पाय लगेच गेला नाही. कुणीतरी धरून ठेवल्यासारखा. मग गेला. गाडी थांबली तेव्हा मध्ये हातभर जागा होती.

लेक : अरे देवा.

बाबा : ती बाई मला सॉरी म्हणाली. घाबरून हात जोडले तिनं. चूक माझी, आणि सॉरी ती म्हणते! मी काचेतून मान हलवली, असू दे, असू दे म्हणून. आणि पुढचा स्टॉप घेतला.

लेक : कुणाला बोलला नाहीत?

बाबा : कुणाला बोलू? कंडक्टर मागे होता, त्याला वाटलं बाईचीच चूक. त्याच संध्याकाळी मी तुझ्याकडून तो रिमोट मागून घेतला. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याला चाळा लागला.

लेक : हो. मला बरंच वाटलं होतं.

बाबा : बंद कर ते.

लेक : काय?

बाबा : ती दुप्पट वेळवाली भानगड. बंद कर आणि सरदार पुन्हा आण. येतो ना?

लेक : येतो. जुन्या पुलावर परत गेलं की असतो. पण आता कशाला, बाबा? कळलंय ना आपल्याला.

बाबा : तुला कळलंय. मला अजून वाटतंय, की शुक्रवारी जिंकला तो मीच होतो. लाव.

(ती सेटिंग बदलते. तो उजवा अंगठा दोनदा पँटला पुसतो आणि रिमोट हातात घेतो.)

लेक : आला बघा. तलवार उचलली.

बाबा : दिसतंय. थांबलाय... आत्ता! मेलो.

लेक : पुन्हा करताय?

बाबा : पुन्हा. बोलू नकोस मध्ये. थांबलाय, थांबलाय... आत्ता! मेलो.

लेक : तुम्ही 'आत्ता' बरोबर वेळेवर म्हणताय, बाबा.

बाबा : माहीत आहे मला. तोंड वेळेवर आहे. डोळे वेळेवर आहेत. हे बघ, पुन्हा आला. आत्ता! बघितलास अंगठा?

लेक : बघितला.

बाबा : किती उशीर?

लेक : थोडाच.

बाबा : पुन्हा कीव करतेस?

लेक : बराच आहे. तलवार लागून गेली, तुम्ही खाली पडलात, आणि मग बटण दाबलं गेलं.

बाबा : हं. अजून दोनदा बघू.

लेक : नको ना. पुरे.

बाबा : अगं, दोनदाच. हा घे. आत्ता! आणि हा... आत्ता! संपलं. अडुसष्ट थडगी झाली. ठेव तो रिमोट तिकडे.

लेक : बाबा, मंगळवारचा नंबर परत लावू आपण. मी सुट्टी काढते, मी येते तुमच्याबरोबर. यावर औषधं असतात. काय आहे तेच अजून माहीत नाही, लगेच वाईट कशाला धरायचं? कदाचित साधं असेल काहीतरी.

बाबा : असेल. आणि नसेलही. माझ्या थोरल्या काकाचं असंच सुरू झालं होतं, अंगठ्यापासून. शेवटी त्याला पाणी चमच्यानं पाजायचो आम्ही. भीती वाटतेय मला. तुला सांगतो, त्या पुलावर वाटली नाही एवढी वाटतेय.

लेक : मला पण.

बाबा : आईला मी सांगीन. ती ड्यूटीवरून आली, चहा झाला, की सांगतो. तू मध्ये बोलू नकोस. आणि शर्टाचं पण मीच सांगीन.

लेक : बरं. हात द्या इकडे.

बाबा : हलतोय बघ, काही करत नसताना. काम करताना थांबतो, लबाड. म्हणून तर कुणाला कळलं नाही.

लेक : गार पडलाय. डेपोत मी फोन करू का? सांगते, बाबांना बरं नाही म्हणून.

बाबा : बरं नाही म्हटलं की उद्यापुरता दुसरा ड्रायव्हर देतील, आणि परवा पुन्हा माझंच नाव फळ्यावर लागेल. मग परवा मी जाईन. स्वतःला ओळखतो मी. तू फक्त फोन लावून दे. मला ती बारकी अक्षरं दाबता येत नाहीत हल्ली.

लेक : लावला. रिंग होतेय. घ्या.

बाबा : हॅलो, साहेब... हो, मीच. रविवारी त्रास देतोय... उद्याच्या शाळेच्या बसचं बोलायचं होतं. मला जमणार नाही... नाही, ताप-बिप नाही. हात कापतो माझा. आणि पाय ब्रेकवर उशिरा पडतो... हो. दोन-तीन महिने झाले. लपवलं होतं मी... नाही साहेब, रजा नका लिहू. गाडीच दुसऱ्याला द्या.