सेंटर-हाफचा गुडघा

नाही तात्यारावजी, चहा नको — म्हणजे तत्त्वतः नको, कारण मी मिलच्या विरोधात अर्ज घेऊन आलो आहे आणि ज्यांच्या विरोधात अर्ज, त्यांचाच चहा घेणं मला विसंगत वाटतं — पण आता आणलाच आहे तर राहू द्या, परत पाठवणं असभ्य दिसेल. आपण मिलचे वेल्फेअर ऑफिसर. मी अच्युत, एम.ए., अर्थशास्त्र, द्वितीय श्रेणी — आपण विचारलं नाही, पण पुढे गैरसमज नको. अर्जाचा आशय मर्यादित आहे. अन्नपूर्णा इलेव्हन ही आमच्या मोहल्ल्याची हॉकी टीम आपण घेतली, खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, आभारी आहोत. फक्त टीमचं जुनं नाव आणि केशरी शर्ट राहू द्यावा. बस, एवढंच. खाली त्रेचाळीस सह्या आहेत. त्यांतल्या सहा खुद्द खेळाडूंच्या — हो, आपण घेतलेल्या दहांतले तेच सहा, जे गेल्या महिन्यात आपल्या सूतखात्यात लागले. सह्या आधीच्या, नोकऱ्या नंतरच्या. तसं मी तळटीपेत स्पष्ट केलं आहे. आता मात्र ते मला रस्त्यात पाहिलं की सायकलची घंटी तपासू लागतात.

हसा, हरकत नाही. मलाही कळतं — जो माणूस आयुष्यात एकदाही मैदानात उतरला नाही, त्याने शर्टाच्या रंगावर चार पानं लिहावीत? पण आपण ते शर्ट पाहिले होते का? प्रत्येकाच्या आईने घरी रंगवलेले, म्हणून अकरा जणांचे अकरा केशरी — नथूचा तर जवळजवळ गुलाबी. आता सगळे पांढरे, आणि पाठीवर मिलचं नाव, कापडाच्या थानावर छापतात तसं. गोल झाला की मी उभा राहतो आणि ओरडायचं काय तेच आठवत नाही. राजधानी भोपाळला गेली तेव्हा इंदूरभर हळहळ होती. मी दोन्ही वेळ व्यवस्थित जेवलो. टीम मिलकडे गेली तेव्हा संध्याकाळचं जेवण सोडलं. सकाळचंही सोडणार होतो, आईने सोडू दिलं नाही.

आणि अगदी प्रामाणिकपणे सांगायचं तर — हे अर्जात नाही — दर रविवारी स्टिकांना जवसाचं तेल मी लावायचो. टीममध्ये माझं पद म्हणाल तर तेवढंच. आपण त्या कामासाठी पगारी माणूस ठेवला आहे. तो तेल फार लावतो. असो, हा मुद्दा गौण आहे.

मुख्य मुद्दा लक्ष्मण. सेंटर-हाफ, आमच्या टीमचा कणा. सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसतो. आपण दहा जण घेतले आणि त्याला सोडलं. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "गुडघा आहे ना भिया, कोण घेणार?" आणि चाकातली हवा पाहू लागला. मी मान डोलावली. तात्यारावजी, मी मान डोलावली — आणि त्याचा गुडघा मिलला कळवणारा मीच. गेल्या दिवाळीत खेळाडूंकडे बूट नव्हते, म्हणून मिलला पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. मागायचे होते अकरा जोडी बूट. दुसरा कोणी चार ओळी लिहून मोकळा झाला असता; मी नऊ पानं लिहिली. आधाराशिवाय मागणी करू नये, असं आम्हाला शिकवलं आहे. प्रत्येक खेळाडूचा तक्ता — उंची, वजन, तीन वर्षांची कामगिरी आणि शेवटच्या रकान्यात "दोष". रकाना रिकामा सोडला तर तक्ता पक्षपाती वाटतो. म्हणून लिहिलं, "उजवा गुडघा थंडीत धरतो." खरं होतं हो ते. बूट आले नाहीत, टीम गेली, आणि लक्ष्मण माझ्या रकान्यात राहिला.

म्हणून मी आता एक प्रस्ताव मांडतो. नाव आपलं ठेवा, शर्ट आपला ठेवा, लक्ष्मणला घ्या. हा अर्ज मी मागे घेतो — नव्हे, आपल्याला शंका नको — हा पाहा, फाडला. घडीवरून, सरळ. आता आपण तो तक्ता काढा, ती ओळ मी खोडतो आणि शेजारी सही करतो.

कुठला तक्ता म्हणजे? नऊ पानी, टाचून, वर दोरा बांधून... हाच. पण हा दोरा — ही गाठ माझीच आहे. सोडलेली सुद्धा नाही. नऊ पानांतलं एकही वाचलं नाही? वरचं देखील नाही?

मग लक्ष्मण?

आपल्या यादीत पहिलं नाव त्याचंच होतं. बरं. आणि तो स्वतः आला होता. इथे, या खुर्चीपाशी उभा राहिला. नोकरी नको म्हणाला. दुसरा शर्ट घालणार नाही म्हणाला. आणि दहा जणांना हे कळू देऊ नका, त्यांना घरं चालवायची आहेत, उगाच ओशाळतील — असं म्हणाला. मला मात्र त्याने गुडघा सांगितला. मी त्यावर विश्वास ठेवला, कारण तो गुडघा मीच लिहिला होता.

म्हणजे केशरी शर्ट राहिला असता, तर तो खेळला असता.

नाही, गोंद नको. फाटलेला अर्ज आपण दाखल करून घेणार नाही, मीही घेतला नसता. नवा लिहीन — पण त्या सहा जणांची सही आता कोण देणार? त्यांच्याशिवाय ते नुसतं माझं मत.

तात्यारावजी, मी इथे थोडा वेळ बसू का? नाही, काम काही नाही. लक्ष्मण फाटकाशी थांबला आहे. सायकलवर डबल सीट त्यानेच आणलं मला. म्हणाला, तू नीट बोलून ये, मी आहे. आता त्याला —

हो. बरोबर आहे. बाहेर लोक बसले आहेत. निघतो.