पंपघरामागचा तांदुळजा

मी मूळची सुरगाण्याकडची. आमचा पाडा डोंगराच्या पार टोकाला, तिथं भात आन नागली निघाली की काम संपलं, मग आख्खा पाडा जीपमधी बसून खाली उतरायचा, पिंपळगावच्या द्राक्षबागांमधी. मी आईच्या पाठीला बांधलेली असतानाच हा रस्ता बघितला, आन लग्नबी तसंच झालं, बागेतच काम करणाऱ्याशी. काशीनाथ त्याचं नाव, पण मी नाव घेत नाय, पोरीचा बाप म्हणते. आता आम्ही बारमाही हितंच, नानांच्या बागेत, ही खोली त्यांनीच दिली. नाना म्हणजे बागेचे मालक.

माझी सासू बी आमच्यासंगं होती. आई म्हणायचो आम्ही तिला. तिचे गुडघे गेले होते, बागेतलं काम व्हायचं नाय, पण बसून खायची तिला लय लाज. मग काय करायची, रोज काठी टेकत बांधाबांधानं जायची आन पदर भरून भाजी आणायची. तांदुळजा, घोळ, कुरडू, जे सापडंल ते. डोळ्यानं कमी दिसायचं तर पान बोटात चुरगाळून वास घ्यायची. आणली की माझ्या पुढ्यात टाकायची आन म्हणायची, घे गं, आजचं माझं झालं. म्हणजे आजच्या भाकरीपुरतं मी केलं, असं. काय सांगू तुम्हाला ताई, त्या भाजीवर आमचे पावसाळे निघाले.

तेव्हा तण खुरपायला आमच्या बायांची टोळी असायची. ओळीनं बसायचं, खुरपं चालवायचं, तोंडं चालवायची. मग तणाचं औषध आलं. एक माणूस पाठीवर पंप घेतो आन सकाळभरात आख्ख्या बागेत मारतो, मग बाया कशाला लागतात? टोळी मोडली. आमच्या घरात मात्र तो पंप पोरीच्या बापाच्याच पाठीवर आला, म्हणून आम्ही राहिलो. नाय तर आम्ही बी परतीच्या जीपमधी बसलो असतो.

त्या दिवशी त्यानं पंपघराच्या मागं औषध मारलं. ते काय रोजचंच काम, घरी येऊन कोण सांगतं आज अमक्या ठिकाणी मारलं म्हणून? आला, आंघोळ केली, जेवला, झोपला. दुसऱ्या दिवशी आई तिकडं गेली. तिथं तांदुळजा असा माजलेला, कोवळा लुसलुशीत, एक पान सुकलेलं नाय. तिनं पदर भरला. मी दोन पाण्यानं धुतली, लसूण-मिरची घातली, परतली. सगळ्यांनी खाल्ली. पोरीच्या बापानं बी खाल्ली, आणखी मागून घेतली. आपणच मारलेलं आपणच खातोय, त्याला काय ठावं!

आधी पोरीला उलटी झाली. सोनी माझी, तेव्हा शाळेत नुकती जायला लागली होती. मग आईला, मग आम्हाला. आम्ही कसंबसं सावरलो, पण पोरगी पार गळून गेली, डोळे पांढरे करायला लागली. नानांनी गाडी काढली, पिंपळगावात दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, काय खाल्लं होतं? मी म्हणलं भाजी-भाकर. कुठली भाजी? तर पोरीचा बाप एकदम आईकडं वळला आन म्हणाला, आई, भाजी कुठनं आणली? ती म्हणाली, पंपघरामागनं रे, लय झ्याक होती. ताई, तो माणूस तिथंच फरशीवर खाली बसला. आईला काय कळंना, ती म्हणते, काय झालं रे, बोल ना, काय झालं? तो माझ्याकडं बघून पुटपुटला, आदल्याच दिवशी तिथं मारलंय मी. शेवटी मी सांगितलं तिला.

ती म्हणाली, पण ती हिरवीगार होती.

तेच म्हणत राहिली, पण हिरवी होती, मी काय वाळलेली आणीन का? मग नानांनीच तिला समजावलं. म्हणाले, आजी, हे औषध पान जाळत नाय. ते पानातनं आत शिरतं, मग धुवून निघत नाय. देठातनं खाली उतरतं, मुळापत्तोर जातं, नवीन फूट जिथनं निघते तिथं जाऊन बसतं. वरनं झाड काही दिवस तसंच हिरवं दिसतं आन आतनं ते मेलेलं असतं. नाना वाईट माणूस नाय, पण हे त्यांनी आधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांना तरी काय ठावं, आजी तिथं भाजी खुडते म्हणून.

पोरगी वाचली. त्या औषधानंच झालं का, ते डॉक्टर बी नक्की सांगत नाय, असंल म्हणाले, नसंल बी.

पण आई त्यातनं उठली नाय. म्हणजे उठली, चालली, जेवली, पण पदर कधी भरला नाय. रोज त्या पंपघरामागं जाऊन बसायची आन बघायची. आधी शेंडा पिवळा पडला, मग पानं, मग देठ. एक झाड उपटून मला दाखवलं, मूळ काळं पडलेलं. म्हणाली, बघ, खरंच खाली गेलं होतं. आन त्या सगळ्या वाळलेल्यात एखाददुसरं झाड तसंच उभं. त्याला बोट लावून म्हणाली, हे का नाय मेलं गं?

पोरीला जवळ घ्यायला भ्यायची ती. सोनी मांडीवर आली की हळूच उतरवून द्यायची. पोरीचा बाप म्हणायचा, आई, मारलं मी, तुझी काय चूक? तर ती म्हणायची, खुडलं कुणी? शेवटी म्हणाली, मला पाड्यावर सोडा. जीपमधी मीच बसवली तिला. तिथं तिच्या पुतण्यानं सांभाळलं, पण तिथं बी आता भाताच्या बांधावर औषध मारतात. ती अंगणाच्या बाहेर पडली नाय म्हणे. मागच्या उन्हाळ्यात गेली. आम्ही पोचलो तर तोंड बघायला मिळालं, तेवढंच.

आन आता गंमत बघा, गंमत कसली. तांदुळजा मरतंच नाय आता. पोरीचा बाप डबल मारतो, तरी पान नुसतं मलूल होतं आन पुन्हा ताठ. नाना म्हणतात, वर्षानुवर्षं एकच औषध मारलं, मरायचे ते मेले, तगले त्यांचंच बी पडलं, आता सगळी त्यांचीच पिल्लावळ. म्हणून पुन्हा टोळी बोलावली, मला मुकादम केलं. औषध बी मारायचं आन खुरपायचं बी. पोरीच्या बापाच्या पाठीची कातडी बघा कशी झालीय, पण पंप सोड म्हणून मी कुठल्या तोंडानं सांगू?

कालचीच गोष्ट. आमच्या तिकडची एक नवीन बाई आलीय टोळीत, लेकुरवाळी. सुट्टी झाली तर तिनं पदर भरलेला, तांदुळज्यानं. मी म्हणलं, टाक ती. ती म्हणाली, का गं, चांगली ताजी हाय. मी म्हणलं, औषध मारलंय त्याच्यावर. तर हसली, म्हणते, मारलं असतं तर मेली नसती का? मी तिच्या पदराला हात घालून सगळी तणाच्या ढिगावर उधळली. तोंडातला घास काढावा तशी बघत राहिली माझ्याकडं. आज माझ्याशी बोलली नाय. नको बोलू दे.

सोनी आता मोठी झालीय, हिरवं काही ताटात आलं की उठून जाते. मी जबरदस्ती करत नाय. तुम्ही नाशकातल्या इंदिरानगरच्या ना ताई? जाताना बाजारातनं भाजी घ्याल, घ्या, सुखानं खा, पोराबाळांना घाला. देव करो आन कुणाला काय न होवो. मी उठते, बागेतली ती कोपऱ्यातली ओळ अजून खुरपायची तशीच हाय.